'आत्ता' म्हणजे तेव्हा!
(जपानी विशेषणांचा भूतकाळ : नवशिक्यांसाठी)
तृतीय वर्ष, मेकॅनिकल

आपण मराठीत 'आत्ता' म्हणतो तेव्हा गोष्ट या क्षणाची असते. आत्ता ये, आत्ता जेवले, आत्ता लाइट गेली. जपानी भाषेत मात्र विशेषणाच्या शेपटाला 'आत्ता' ऐकू आलं की समजायचं, गोष्ट होऊन गेली! आत्सुकात्ता म्हणजे गरम होतं. सामुकात्ता म्हणजे थंडी होती. ओइशिकात्ता म्हणजे चविष्ट होतं. हे 'आत्ता' कुठून आलं, कुठे लावायचं आणि कुठे अजिबात लावायचं नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. पण एवढ्याशा विषयावर आपल्या हॉस्टेलमधले भलेभले घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्यापैकी बरेच जण एन-५ च्या तयारीला लागलेत. जेएलपीटीची ही सगळ्यात खालची पायरी. ही परीक्षा पर्यायी उत्तरांची असते. त्यात बोलायचंही नसतं आणि लिहायचंही नसतं, नुसते गोळे रंगवायचे. त्यामुळे पुण्याला जाऊन परीक्षा देऊन, पास होऊन परत आलेला मुलगाही पहिलं जपानी वाक्य तोंडाने बोलतो ते थेट इंटरव्ह्यूमध्ये. आणि तिथे समोरचा हसून पहिला प्रश्न टाकतो, "किनोऽ वा दोऽ देश्ता का?" म्हणजे कालचा दिवस कसा होता? बस्स. इथेच गाडी अडते.

आधी उच्चाराचं सांगते. जपानी शब्द मी देवनागरीत लिहितेय, आणि खरं सांगायचं तर ते रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीत जास्त नीट बसतात. 'आत्सुइ' मधला 'त्सु' बघा. इंग्लिश मीडियमवाले आम्ही त्याला 'ट्सु', 'टिसु' असं काहीही करतो. पण मराठी माणसाच्या तोंडात हा आवाज जन्मापासून आहे! 'चूल' म्हणा. 'चूक' म्हणा. त्यातला 'चू' (चहाचा नव्हे, चुलीचा) म्हणजेच जवळजवळ जपानी 'त्सु'. तसंच 'कात्ता' मधला जोड त. जपानीत तिथे क्षणभर थांबायचं असतं. 'पत्ता', 'सत्ता' म्हणताना आपण थांबतोच की. 'शिझुका' मधला झ हा झोपेतला. 'देस' हे लिहिताना 'देसु' आणि 'देश्ता' हे 'देशिता' असतं, बोलताना मधला स्वर गिळतात. मी बोलतात तसं लिहिणार आहे. ऽ हे चिन्ह दिसलं की स्वर लांबवायचा.

आता मुद्द्यावर.

मराठीत विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. मोठा डोंगर, मोठी नदी, मोठं धरण. पण काळाप्रमाणे ते बदलत नाही. चहा गरम आहे, चहा गरम होता, दोन्हीकडे 'गरम' जागच्या जागी. काळ सांगायचं काम 'आहे' आणि 'होता' यांचं. इंग्लिशमध्ये तर विशेषण लिंगालाही हलत नाही आणि काळालाही हलत नाही. जपानी बरोबर उलटी आहे. तिथे लिंग नाही, वचनाची कटकट नाही. डोंगर उंच असो, इमारत उंच असो, नाहीतर बुटांची किंमत 'उंच' असो, सगळ्यांना 'ताकाइ'च. (हो, उंच आणि महाग याला एकच शब्द.) पण काळ बदलला की विशेषण स्वतः बदलतं. 'ताकाकात्ता', म्हणजे उंच होतं किंवा महाग होतं. मराठीची ज्या व्याकरणातून सुटका आहे ते जपानीत आहे, आणि मराठीला ज्याचा जाच आहे ते जपानीत नाही. फिट्टंफाट!

पण थांबा, सगळी विशेषणं असं करत नाहीत. जपानीत विशेषणांच्या दोन जाती आहेत.

पहिली 'इ' जात. यांच्या शेवटी 'इ' असतो, आणि काळाप्रमाणे बदलतो तो हाच 'इ'. हा काढायचा आणि 'कात्ता' लावायचं. नकार हवा असेल तर 'इ' च्या जागी 'कुनाइ' लावायचं.

आत्सुइ देस – गरम आहे
आत्सुकात्ता देस – गरम होतं
आत्सुकुनाइ देस – गरम नाही
आत्सुकुनाकात्ता देस – गरम नव्हतं

चौथी ओळ बघून घाबरू नका. 'कुनाकात्ता' पाठ करायची गरजच नाही. 'नाइ' म्हणजे 'नाही', आणि गंमत अशी की 'नाइ' हेही स्वतः 'इ' जातीचंच आहे! म्हणजे त्याचाही 'इ' काढा, 'कात्ता' लावा, झालं 'नाकात्ता'. एकच नियम दोनदा वापरलाय. आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत, तोच जिग, पार्ट दुसरा.

दुसरी 'ना' जात. ही आपल्या मराठीसारखी निवांत. विशेषण जागचं हलत नाही, काळ मागचा शब्द सांगतो.

शिझुका देस – शांत आहे
शिझुका देश्ता – शांत होतं
शिझुका ज्या आरिमासेन – शांत नाही
शिझुका ज्या आरिमासेन देश्ता – शांत नव्हतं

नामापुढे येताना हे 'ना' घेऊन येतात, 'शिझुका ना माचि' म्हणजे शांत गाव, म्हणून यांचं नाव 'ना' विशेषणं. चिनी भाषेतून आलेले आणि नंतर इंग्लिशमधून आलेले बरेचसे शब्द याच जातीत जाऊन बसले, कारण परक्या शब्दाची शेपटी कापायला कोणी धजत नाही. मराठीतही पाहा, 'चांगला' चा चांगली, चांगलं होतो, पण फारसीतून आलेला 'हुशार' मुलालाही हुशार आणि मुलीलाही हुशार. 'स्मार्ट' तर सोडूनच द्या. नियम शंभर टक्के नाही हं. 'शिझुका' हा अस्सल जपानी असूनही 'ना' जातीत आहे. आणि उलट बाजूने, आजची जपानी पोरं इंग्लिश 'इमोशनल' ची मुंडी पकडून 'एमोइ' म्हणतात आणि भूतकाळात खुशाल 'एमोकात्ता' करतात.

आता तो घोळ. प्रश्न येतो 'दोऽ देश्ता का?', कसं होतं? कानात 'देश्ता' घुमत असतं. मनात मराठी वाक्य तयार असतं, 'गरम होतं'. गरम म्हणजे आत्सुइ, होतं म्हणजे देश्ता, आणि तोंडातून बाहेर पडतं 'आत्सुइ देश्ता'. चूक! समोरच्याला कळतं, पण खटकतं. 'मी काल गेला होते' असं कुणी म्हटलं तर आपल्याला जसं खटकेल तसंच. प्रश्नात 'देश्ता' असलं तरी उत्तरात 'आत्सुकात्ता देस' हवं. काहीजण जास्त सावध होऊन 'आत्सुकात्ता देश्ता' म्हणतात. तेही चूक. ते 'गरम होतं होतं' झालं.

का बरं चूक? इथे जरा डोकं लावू, कारण नुसतं पाठ केलं की इंटरव्ह्यूत विसरतं. 'इ' विशेषणाच्या मागे येणारं 'देस' हे 'आहे' नाहीच. 'आत्सुइ' या एका शब्दातच 'गरम आहे' हे पूर्ण वाक्य आहे. मित्राशी बोलताना जपानी माणूस नुसतं 'आत्सुइ' म्हणतो आणि विषय संपतो. 'देस' लावतात ते सरांपुढे, साहेबांपुढे, अनोळखी माणसापुढे. आपण 'व्हय' म्हणतो आणि मोठ्या माणसापुढे 'व्हय साहेब' म्हणतो ना, तसं! आता 'साहेब' ला कोणी भूतकाळ लावतं का? काळ 'आत्सुकात्ता' ने आधीच सांगून झाला, 'देस' ने फक्त नमस्कार केला. 'शिझुका' ला मात्र स्वतःचा काळ नाही, म्हणून तिथे 'देस' ला दोन्ही कामं करावी लागतात, नमस्कारही आणि काळही. म्हणून तिथे 'देश्ता'.

आणि हे 'आत्सुइ देस' सुद्धा खुद्द जपान्यांना फार जुनं नाही. 'इ' विशेषणाला 'देस' चिकटवणं पूर्वी तिथल्या व्याकरणवाल्यांना ओबडधोबड वाटायचं. १९५२ साली तिथल्या सरकारच्या भाषाविषयक सल्लागार मंडळाने आदरार्थी भाषेबद्दल एक पत्रक काढलं आणि त्यात ही सोपी पद्धत चालेल असं सांगितलं. म्हणजे 'देस' हा तिथे नंतर आलेला भाडेकरू. घर 'आत्सुइ' चंच!

आता सुरुवातीचा प्रश्न, हे 'आत्ता' आलं कुठून? जपानीत 'आरु' म्हणजे असणे, आणि त्याचा भूतकाळ 'आत्ता', म्हणजे 'होतं'. 'आत्सुकु' म्हणजे 'गरम असं'. आत्सुकु अधिक आत्ता, भराभर बोलता बोलता झालं आत्सुकात्ता. म्हणजे आपण जो 'होतं' शोधत होतो तो हरवलेला नाही, विशेषणाच्या पोटात वितळून एकजीव झालाय. 'ना' जातीत मित्रांशी बोलताना 'शिझुका दात्ता' म्हणतात, तिथेही 'दे' अधिक 'आत्ता' मिळून 'दात्ता' झालंय. दोन्ही जातींत तेच 'आत्ता'. ही फोड एकदा डोळ्यांना दिसली की 'कात्ता', 'दात्ता', 'नाकात्ता' ही तीन वेगळी भुतं राहत नाहीत.

मराठीत असं होत नाही असं म्हणू नका. 'नव्हता' चा संधी सोडवा. न अधिक होता. आपणही दोन शब्द एकमेकांना वेल्ड केलेत, फक्त नकाराच्या ठिकाणी. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, मराठी आठवड्यात मोजके तास. 'नव्हता' या शब्दाच्या आत 'होता' बसलाय हे मला कळलं ते जपानी शिकताना! मराठीच्या पुस्तकात ते कधी दिसलं नव्हतं. (बघा, पुन्हा नव्हतं.)

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी व्याकरणाची करमणूक, आम्हाला काय त्याचं? सांगते.

शिरोली एमआयडीसीत फिरताना तुम्ही जपानी शब्दांतूनच चालत असता. फौंड्रीच्या गेटमधून आत गेलं की भिंतीवर बोर्ड असतो, ५-एस. सेइरि, सेइतोन, सेइसोऽ, सेइकेत्सु, शित्सुके. काइझेनचा फलक वेगळा. मशीनवर पोका-योके. आपले सुपरवायझर काका हे शब्द इतके सहज बोलतात की ते मराठीच वाटावेत. पण ही सगळी नामं आहेत. नामांनी बोर्ड रंगतो, वाक्य होत नाही. जपानी कारखान्यात यांच्या जोडीला आणखी एक शब्द असतो, 'हियारि-हात्तो'. हियारि म्हणजे अंगावरून सर्रकन काटा जाणं, हात्तो म्हणजे दचकणं. अपघात होता होता राहिला, कुणाला काही झालं नाही, तरी तो कागदावर लिहून काढायचा, याला हियारि-हात्तो म्हणतात. यामागे अमेरिकेतल्या हाइनरिश यांचं १९३१ सालचं गणित आहे : एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० विनाइजा प्रसंग. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली, ती वेगळी गोष्ट. पण 'वाचलो' ते लिहून ठेवा, ही सवय टिकली.

इनप्लांट ट्रेनिंगला मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत होते. लोखंडाचा रस साधारण १४०० अंशांचा. लॅडलचं अस्तर नवीन लावलं की ते आधी नीट तापवून कोरडं करावं लागतं, कारण त्यात ओल राहिली आणि वर रस पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. एकदा अशीच एक लॅडल रांगेत पुढे आली. ओतणाऱ्या मामांनी नुसतं तिच्याकडे बघितलं, हात वर केला आणि सगळं थांबवलं. लॅडल बाजूला घेतली, बर्नर लावला. कुणाला काही झालं नाही. मामा कपाळ पुसत एवढंच म्हणाले, "वाचलो बघा पोरींनो."

हा प्रसंग जपानीत सांगायचा तर एकच विशेषण पुरतं. हात वर करताना 'आबुनाइ!', म्हणजे धोका आहे, जपून. कपाळ पुसताना 'आबुनाकात्ता...', म्हणजे थोडक्यात वाचलो. शब्दशः फक्त 'धोकादायक होतं' असा अर्थ, पण तोंडून निघतो तो सुस्कारा. दोन्हीत फरक फक्त शेपटाचा. आता हेच शिफ्टच्या लॉगबुकात लिहायचं आहे असं समजा. 'कोनो किकाइ वा आबुनाइ देस', हे मशीन धोकादायक आहे. पुढच्या शिफ्टच्या माणसाने त्याला हात लावू नये. 'कोनो किकाइ वा आबुनाकात्ता देस', हे मशीन धोकादायक होतं. म्हणजे आता दुरुस्त झालं असेल असं वाचणारा धरून चालेल आणि बटण दाबेल. 'आबुनाइ देश्ता' लिहिलंत तर? अर्धं वाक्य म्हणतं आहे, अर्धं म्हणतं होतं. वाचणाऱ्याने काय करायचं? २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांना तिकडे पाठवण्याचा करार झाला. त्या मार्गाने जाणाऱ्याला भाषेची अट साधारण एन-४ च्या पातळीची. म्हणजे विशेषणांचा भूतकाळ त्याच्या आतच आला. आपल्यातले काही आणि शिरोलीतलेही काही उद्या खरोखर त्या लॉगबुकात लिहिणार आहेत.

असो. फार गंभीर झालं. आता थोडे अपवाद आणि काही सापळे.

'इइ' म्हणजे चांगलं. याचा भूतकाळ 'इकात्ता' नाही, 'योकात्ता'. कारण याचं जुनं रूप 'योइ', आणि बाकी सगळी रूपं त्या जुन्या रूपावरून होतात. नकार 'योकुनाइ', चांगलं नव्हतं 'योकुनाकात्ता'. आणि नुसतं 'योकात्ता!' म्हणजे आपलं 'बरं झालं बाई!' रिझल्ट लागल्यावर म्हणायचा शब्द हा. 'काक्कोइइ' म्हणजे रुबाबदार. त्यातही शेवटी 'इइ' लपलाय, म्हणून 'काक्कोयोकात्ता'.

'किरेइ' म्हणजे सुंदर किंवा स्वच्छ. शेवटी 'इ' दिसतो, पण जात 'ना'! पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथून आलात तर 'किरेइकात्ता' म्हणू नका, 'किरेइ देश्ता' म्हणा. ओळखायची खूण अशी की 'एइ' असा शेवट असेल तर ते 'इ' विशेषण नसतं. 'यूमेइ' म्हणजे प्रसिद्ध, तेही 'ना' जातीचंच. या खुणेला चकवणारा एक शब्द म्हणजे 'किराइ', नावडता. 'आइ' शेवट असूनही 'ना' जात. तेवढा एक पाठ करा.

नामाआधी भूतकाळ लावायचा तर 'देस' गळून पडतं. 'आत्सुकात्ता हि' म्हणजे गरम होता तो दिवस, 'शिझुका दात्ता माचि' म्हणजे एके काळी शांत असलेलं गाव. साहेबांचा नमस्कार वाक्याच्या शेवटीच करायचा, मध्ये नाही.

'मिन्ना नो निहोंगो' वापरणाऱ्यांनी आठवा आणि बारावा धडा शेजारी शेजारी ठेवून वाचावा. विशेषणं आठव्यात येतात आणि त्यांचा भूतकाळ बाराव्यात. मधल्या तीन धड्यांत आठवा विसरलेला असतो. पुस्तकातली वाक्यं क्योतोच्या बर्फाची नि साकुराची. ती परीक्षेपुरती ठीक. सरावाला मात्र इथलीच वाक्यं घ्या, जिभेवर बसतात. तांबडा रस्सा तिखट होता : काराकात्ता देस. पांढरा तिखट नव्हता : काराकुनाकात्ता देस. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढून वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ज्यांनी तो पाहिला त्यांना 'मिझु गा फुकाकात्ता देस', पाणी खोल होतं, हे वाक्य पाठ करावं लागणार नाही.

आता पाच वाक्यं तुमच्यासाठी. हात ठेवून उत्तरं झाका.

१. मेसची बिर्याणी (बिरियानि) चविष्ट होती.
२. परीक्षा (शिकेन) अवघड नव्हती. अवघड म्हणजे मुझुकाशिइ.
३. बाग (निवा) सुंदर होती.
४. हॉस्टेल (र्‍योऽ) शांत नव्हतं.
५. हवा (तेंकि) चांगली नव्हती.

उत्तरं : १. बिरियानि वा ओइशिकात्ता देस. २. शिकेन वा मुझुकाशिकुनाकात्ता देस. ३. निवा वा किरेइ देश्ता. ४. र्‍योऽ वा शिझुका ज्या आरिमासेन देश्ता. ५. तेंकि वा योकुनाकात्ता देस.

चौथ्याचं उत्तर रेक्टर मॅडमना दाखवू नये.